वामनदादांना म्हणे वृत्त कळत नव्हतं!

नांदेड-परभणीकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: भीमगीतं, म्हणजे बाबासाहेबांवरची गाणी, लिहिणारे-गाणारे वामनदादा कर्डक अंगठाछाप होते, वृत्त-छंदाचा त्यांना गंध नव्हता, चाली सगळ्या सिनेमातून उचललेल्या, गाणी दुसऱ्यांनी लिहून दिलेली, नाव झालं ते वडील भीमराव कर्डक जलसाकार (गाण्या-नाटुकल्यांतून आंबेडकरी विचार सांगणारे) होते म्हणून, अन् आता डीजेच्या जमान्यात त्यांना विचारतं कोण? घरातल्या नववीच्या लेकरानं हे खरं धरलं आणि जयंतीच्या निबंधातून दादांचं नाव खोडलं. म्हणून हे लिहिणं.

वडिलांचं आधी उरकू. दादांचं पूर्ण नाव वामन तबाजी कर्डक. वडील तबाजी, आई सईबाई, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, जन्म १९२२. भीमराव कर्डक हे नाशिक जिल्ह्यातलेच, पण वेगळे गृहस्थ. आडनाव एक दिसलं की बाप ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

आता अंगठाछाप. दादा शाळेत गेले नाहीत, हे खरं आहे. मुंबईत गेल्यावर मोठेपणी अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरं जमवली. पण त्यावरून वृत्त कळत नव्हतं हे कसं निघतं? त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची एकच ओळ घ्या आणि बोटावर मोजा: ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’. ऱ्हस्वाला (लघू, ‘ल’) एक मात्रा, दीर्घाला (गुरू, ‘गा’) दोन, आणि ‘जर’, ‘अस’ अशा जोडऱ्हस्वांना मिळून एक गुरू. भी-मा-तु-झ्या-म-ता-चे : गागाल गालगागा. जर-पा-च-लो-क-अस-ते : पुन्हा गागाल गालगागा. बारा अन् बारा, चोवीस मात्रा. ह्या वृत्ताला आनंदकंद म्हणतात. पुढच्या ओळीत ‘लोक’ला ‘टोक’, मागे ‘असते’ तसंच. म्हणजे काफिया (यमक) आहे, रदीफ (यमकामागे तसाच येणारा शब्द) आहे, गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, जसा असतो तसा.

मोजताना माणसं दोन ठिकाणी चुकतात. पुस्तकी नियम सांगतो की जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरा. तसं धरलं तर ‘तुझ्या’मधला ‘तु’ दोन मात्रांचा होतो आणि ओळ मोडते. पण मराठीत ‘झ्या’चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही, म्हणून ‘तु’ लघूच. दुसरं, पुढच्या ओळीतलं ‘तलवारीचे’ छापलंय दीर्घ, म्हणायचं मात्र ‘तलवारिचे’. छापलेलं मोजलं तर तेरा मात्रा भरतात आणि मेसेजवाला टाळी वाजवतो. शंका असेल तर हीच ओळ ‘सारे जहाँ से अच्छा’च्या चालीवर म्हणून बघा, अक्षर न हलवता बसते. त्या ओळीतला ‘से’सुद्धा आखूडच म्हणावा लागतो. इक्बालला त्यासाठी कुणी अंगठाछाप म्हटलेलं ऐकिवात नाही.

बरं, एकाच मापात हात बसला असेल म्हणावं, तर ‘उद्धरली कोटी कुळे, भीमा तुझ्या जन्मामुळे’ घ्या. इथं मात्रा नाहीत, अक्षरं मोजायची. आठ आणि आठ, शेवटी यमक. ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’ ह्याचं माप हेच. तुकोबांचा अभंग ज्या कानानं ऐकला त्याच कानानं हे लिहिलं. वृत्ताचं नाव माहीत नसेल दादांना. सुताराला कोनाचं इंग्रजी नाव माहीत नसतं, म्हणून चौकट वाकडी होत नाही.

गाणी दुसऱ्यांनी लिहिली म्हणता, तर दादांच्या किती तरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा, म्हणजे कवीनं ओळीत गुंफलेलं स्वतःचं नाव, येते. ती काढून दुसरं नाव घालून बघा. ‘वामन’ म्हणजे गागा, चार मात्रा. ‘रमेश’च्याही चारच, पण सुरुवात लघूनं, गागानं सुरू होणाऱ्या ओळीत तो घातला की गाणारा पहिल्याच पावलाला अडखळतो. नाव वरून चिकटवलेलं नाही, ओळीत विणलेलं आहे. शिवाय १९७०च्या दशकात ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे संग्रह त्यांच्या नावानं छापून आले.

चालींचं मात्र काही अंशी मान्य करावं लागतं. भीमगीतं सिनेमाच्या, कव्वालीच्या, लावणीच्या चालींवर बांधली गेली, बरीच गेली. कारण साधं आहे: एक पेटी, एक ढोलकी, तालमीला वेळ नाही, आणि समोर बसलेल्यांना चाल आधीच पाठ. पण तयार चालीवर लिहिणं सोपं, हे ज्यानं कधी लिहिलं नाही तोच म्हणेल. चालीत जिथं सूर लांबतो तिथं आ-ई-ओ असा दीर्घ स्वरच यावा लागतो. तिथं ‘करत’ आलं की गायकाला ‘करऽऽत’ ओढावं लागतं आणि गाणं हास्यास्पद होतं. आणि सिनेमातून उचलणाऱ्या ह्याच माणसाचं ‘सांगा या वेडीला’ १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ सिनेमानं घेतलं, त्याचं काय?

मेसेजात नसलेली एक चूक आपल्याच बॅनरांवर असते, तीही सांगतो. ‘माझी दहा भाषणं आणि एक गाणं बरोबरीचं’ हे बाबासाहेबांचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य जलशांबद्दलचं आहे. ते एकट्या दादांच्या फोटोखाली छापू नका.

राहिला डीजे. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर जाऊन उभं राहा, दादांना कोण विचारतं ते कळेल. डीजेवर ‘भीमा तुझ्या मताचे’ वाजतं, हे खरं. पण वेग दीडपट केला की ‘लोक’मधला एका मात्रेचा ‘क’ गिळला जातो, ‘पाच लो असते’ ऐकू येतं, काफियाच नाहीसा होतो. मूळ गतीला लावा, पेटी-ढोलकीवर, आणि मग त्या नववीच्या लेकराला ऐकवा.