बॅटरीचं पाणी मोरीत सोडू नका, काका

रविवारी सकाळी मिरजेहून काकांचा फोन. "बॅटरीचं पाणी मोरीत सोडलं की वरून किती बादल्या मारायच्या गं?" मी चहा खाली ठेवला आणि व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर, म्हणजे शिसं आणि ॲसिडची बॅटरी मोरीच्या कठड्याला टेकवलेली, सहाही टोपणं काढून ओळीने मांडलेली, शेजारी काकूंची कपड्यांची बादली.

हे शिकवणारा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'सोलरवाल्यांनो सावधान! नव्या नियमाने घरात बॅटरी ठेवणाऱ्याला दंड. सोलर असलं की लाईट गेली तरी घर चालतं, बॅटरी हवीच कशाला? लिथियम तर बॉम्बच. जुनी बॅटरी पाणी काढून हलकी करा आणि भंगारात विका.'

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे जातील. आपण ज्याला पाणी म्हणतो ते पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड आहे. कातडीवर उडालं तर भाजतं, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे जुन्या बॅटरीच्या तळाशी बसलेला गाळ. तो शिशाचा. बॅटरी आडवी केली की तो ॲसिडबरोबर बाहेर येतो. थोडा गटारात जातो, थोडा फरशीच्या सांध्यांत राहतो. त्याच फरशीवर काकांची नात दुपारी भातुकली मांडते. शिसं 'इतकं चालतं' अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूचं त्याने होणारं नुकसान भरून येत नाही. हे सगळं कशासाठी, तर बॅटरी रिक्षात चढवायला हलकी व्हावी म्हणून!

आता तो 'नवा नियम'. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022. 2001 च्या जुन्या नियमांत फक्त शिशाच्या बॅटऱ्या होत्या. यात लिथियमही आली. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. आपल्यासारख्यांना एवढंच सांगितलंय की बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळू नका, ती गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्या. घरात बॅटरी ठेवायला बंदी कुठेच नाही. म्हणजे मेसेजवाला ज्या नियमाचा धाक घालतो, तोच नियम त्याच्या शेवटच्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

लाईट गेली तरी सोलर चालतं? साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाईनला जोडलेली सिस्टीम लाईट गेली की आपोआप बंद पडते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. हां, नेट मीटरिंग (जादा सोलर वीज लाईनला देऊन ती बिलातून वळती करायची सोय) आहे आणि लाईट क्वचितच जाते, तर बॅटरीशिवाय भागतं, हे मान्य. छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची जी सूर्यघर योजना आहे, तिचं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदानही बॅटरीसाठी नाही.

लिथियमला आग लागते, खोटं नाही. पण घरच्या साठवणुकीसाठी बहुतेक वेळा मिळते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि ती तापून पेटण्याच्या बाबतीत बरीच शांत. उलट शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला हवेशीर जागा हवी. काकांनी ती पाच वर्षं जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवली होती!

टोपणं परत लावून घेतली. सोमवारी दुकानदाराने बॅटरी आहे तशी उचलली आणि नवीच्या बिलातून पैसे वजा केले. मेसेज मात्र काकांनी शनिवारीच कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता, आणि त्याखाली अकरा अंगठे आहेत.