चार हातांचं अंतर

परवा एका मैत्रिणीने विचारलं, "मग तू आता नास्तिक झालीस का गं?" मी "नाही" म्हटलं, तर तिचा चेहरा असा खुलला की पुढचं बोलायचं राहूनच गेलं. ते इथे लिहिते. लांबलंय, कंटाळा आला तर सोडून द्या.

धर्मग्रंथातल्या विसंगती सापडल्या म्हणून माझी श्रद्धा गेली, असं काही नाही. त्या शाळेत असल्यापासूनच दिसत होत्या आणि त्यांच्यासकट माझं छान चाललं होतं. बिनसलं ते हिशेबाच्या वहीवरून. आमच्या प्रार्थनासभेत एक तरुण होता. खुर्च्या मांडायला सगळ्यात आधी, आवरायला सगळ्यात शेवटी. वार्षिक सभेत त्याने उभं राहून विचारलं की देणग्यांचे पैसे नेमके कशावर खर्च झाले? आवाजही चढवला नव्हता. उत्तर मिळालं, "शंका हा श्रद्धेचा शत्रू आहे." प्रश्न पैशांचा, उत्तर श्रद्धेचं!

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कुणी ठराव केला नव्हता, सगळ्यांना आपोआपच कळलं. मी तिसऱ्या रांगेत होते. त्याने वळून पाहिलं. मी मांडीवरची पिशवी उगाच नीट केली आणि बसून राहिले. आणखी दोन-तीन आठवडे तो आला, मग यायचा बंद झाला. मी मात्र पुढे वर्षभर जात होते, हेही सांगायला हवं.

नंतर कधीतरी स्पिनोझा या डच तत्त्वज्ञाबद्दल वाचत होते. २७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याच्याशी कुणी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, त्याने लिहिलेलं वाचू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत येऊ नये, असं ते फर्मान. त्याचा नेमका गुन्हा काय, ते मात्र त्यात सांगितलेलं नाही. चार हातांपाशी मी थांबले. एका रिकाम्या खुर्चीचं अंतर साधारण तेवढंच भरत असेल.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या समाजातली बरीच घरं स्पेन-पोर्तुगालमधल्या धर्मछळातून निसटून आलेली होती. छळ सोसलेली माणसंच असं फर्मान काढतात, हे मला दुष्टपणापेक्षा भीतीचं लक्षण वाटतं. आमच्या सभेतही दुष्ट कुणी नव्हतं. स्पिनोझा पुढे दुसऱ्या कुठल्या धर्मात गेला नाही. भिंगं घासत राहिला, आणि देव व निसर्ग एकच, असं लिहीत राहिला. १९२९ मध्ये आइनस्टाइनला 'देव मानता का' असं विचारलं, तेव्हा त्याने याच स्पिनोझाच्या देवाचं नाव घेतलं.

संस्थेचा धर्म वेगळा, माणसाच्या आतला वेगळा, अशी वाटणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०१-०२ मधल्या एडिंबराच्या व्याख्यानांत केली आणि संस्थेचा भाग सरळ बाजूला ठेवला. वाचायला सोपं आहे. मला ते जमत नाही. शंभर गळे एका सुरात गातात तेव्हा छातीत जे भरून येतं, ते घरी एकटीने गाऊन येत नाही. करून पाहिलंय. धर्म माणसांना एका समुदायात बांधतो असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइम म्हणतो, ते मला बाहेर पडल्यावर पटलं. आजारपणात दार वाजवणारी माणसं त्याच सभेतली होती. त्यांची उणीव मला अजून भासते.

आणि तरी काहीतरी उरलंय. आई गेली त्या रात्री मी तिच्या उशाशी होते. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मी मोजायला लागले, मग मोजणं सुटलं आणि माझ्या ओठांवर लहानपणची प्रार्थना आली. तिच्यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास उरला नव्हता. तरीही त्या खोलीत आम्ही दोघीच नाही, असं मला स्वच्छ वाटलं. मेंदूतली रसायनं असतील, माझा डॉक्टर मित्र तसंच म्हणतो. असतीलही. मी त्याच्याशी वाद घालत नाही आणि त्या वाटण्याला नावही देत नाही. नाव दिलं की कुणीतरी त्याचं शिबिर भरवतं. तसल्या एका 'आत्मशोधा'ला मी जाऊन आले. तिथेही पहिल्या रांगेची फी वेगळी होती, आणि हिशेब विचारावा असं वातावरण तिथेही नव्हतं.

मागच्या महिन्यात धीर करून त्या तरुणाला फोन केला. आता तरुण कसला, कानशिलं पांढरी झाली असतील. "त्या दिवशी मी तुझ्या शेजारी येऊन बसायला हवं होतं," एवढंच म्हणता आलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही पिशवी नीट करत होतात. आठवतंय मला."