'दर': दारातच वसलेली राजसत्ता

मराठीतील 'दार' हा शब्द फारसी 'दर'वरून आला, असे बरेच जण ठामपणे लिहितात. ते बरोबर नाही. संस्कृत 'द्वार' प्राकृतातून मराठीत येताना 'दार' झाले, आणि तिकडे प्राचीन फारसीतील 'दुवर' झिजत 'दर' झाला. हे दोघे भाऊ आहेत, बापलेक नव्हेत. मला याहून मोलाचे वाटते ते हे की, इराणमध्ये दार म्हणजेच राजसत्ता, हा अर्थ त्या शब्दात फार खोलवर मुरला.

इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या लेखात प्राचीन इराणचा सम्राट दारयवहु (डरायस) सांगतो की, बंडखोर फ्रवर्तिश पकडला गेला तेव्हा आपण त्याचे नाक, कान आणि जीभ कापली, एक डोळा फोडला आणि त्याला आपल्या 'दुवरा'शी बांधून ठेवले, जेथे सर्व लोकांनी त्याला पाहिले. वाचताना अंगावर काटा येतो. परंतु राजाचा निवाडा प्रजेला दिसावा अशी जागा म्हणजे राजाचे दार, हे त्यातून लख्ख कळते. दारयवहुचा मुलगा क्षयार्ष (झर्क्सीस) याने पर्सेपोलिस या राजधानीत 'सर्व देशांचे द्वार' उभारले. त्याच्या पश्चिमेला दगडी बैल आहेत, पूर्वेला मानवमुखी पंखधारी बैल आहेत आणि आत चार खांबांच्या दालनात भिंतींलगत दगडी बाके आहेत. दूरदेशींचे लोक राजाची भेट मिळेपर्यंत याच बाकांवर ताटकळत असतील, असे मला वाटते.

पुढच्या फारसीत 'दर' म्हणजे दार आणि राजदरबार असे दोन्ही अर्थ नांदले. 'बार' म्हणजे राजापुढे जाण्याची परवानगी. त्यातून 'दरबार' झाला. 'दरगाह' म्हणजे दाराची जागा, म्हणून राजाचे आस्थान. नंतर संतांच्या समाधीलाही लोक तोच शब्द वापरू लागले, कारण तेथेही माणूस अर्जी घेऊनच उभा राहतो. कॅस्पियन समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांमधली चिंचोळी वाट इराणच्या सासानी घराण्यातील राजांनी तटबंदीने अडवली, तेथील शहराचे नाव दरबंद, म्हणजे बंद दार.

शिवकाळात फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचला गेला, त्यामागची स्वभाषेची तळमळ मला मनापासून मान्य आहे. तरीही 'दरबार' म्हणजे केवळ 'राजसभा' असे मानले, तर दारात तिष्ठणारा फिर्यादी त्या अर्थातून गळून पडतो. म्हणून मराठी शब्दकोशांनी 'फा.' (फारसी) एवढा शेरा मारून थांबू नये. दरबार, दर्गा, दरवान आणि दरवाजा यांचे नाते 'दर'खाली एकत्र सांगावे आणि तेथेच आपल्या 'दारा'चीही नोंद द्यावी.