गोल्फ क्लब चौकाच्या पलीकडे

येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून मी चोवीस वर्षं बँकेत गेले-आले. स्कूटरवरून, तोंडाला ओढणी बांधून, सिग्नलला शिव्या घालत. ज्या क्लबामुळे चौकाला हे नाव पडलं तिथे आत काय चालतं ते बघावंसं एकदाही वाटलं नाही. गोल्फ म्हणजे साहेब लोकांचा खेळ, पांढरी टोपी, मागून पिशवी वाहणारा पोरगा, आणि एवढ्या हिरवळीला पाणी कुठून येतं हा प्रश्न. बायकांचा तर तिथे संबंधच नाही. माझं हे मत पक्कं होतं आणि बिनमाहितीचं होतं. पुण्यात ही दोन्ही सुखाने एकत्र नांदतात.

ते मोडलं ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे. तुमच्यापैकी बरेच जण त्या दिवशी माझ्यासारखेच अंधारात उठून टीव्हीसमोर बसले असणार. टोकियो ऑलिंपिक, गोल्फची शेवटची फेरी, आणि बंगळुरूची अदिती अशोक दुसऱ्या क्रमांकावर. जागतिक क्रमवारीत दोनशेवी. दोन-तीन महिन्यांपूर्वीच कोविड होऊन गेलेला, अंगात ताकद कमी, त्यामुळे फटका आणखीच आखूड पडायचा. तरी ही बाई ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचली की चेंडू असा अलगद सोडायची की भोकालाच तिची ओढ असावी. सगळ्या जगाच्या हाणामारीत ती निव्वळ पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलण्याच्या कसबावर, टिकून होती. आणि पिशवी घेऊन तिच्याबरोबर चालत कोण होतं? तिची आई.

आमच्या घरात एकालाही बर्डी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. ह्यांनी मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं: पार म्हणजे एका होलमध्ये, भोकात, चेंडू घालायला ठरलेले फटके, एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर सगळे तज्ज्ञ. ज्या जोशीकाकूंनी कधी सापशिडीसुद्धा धड खेळली नाही त्या ‘आता बर्डी हवी हो’ म्हणून लिहीत होत्या. मध्येच विजा-पावसामुळे खेळ थांबला तेव्हा आम्ही पोहे करून घेतले. शेवटच्या होलवर तिला बर्डी हवी होती, ती थोडक्यात हुकली. एका फटक्याने ब्राँझ गेलं. चौथी.

संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला पडला आणि देशाने सकाळ पुसून टाकली. नीरजबद्दल माझी काही तक्रार नाही, मीही पेढे वाटले. पण ग्रुपवरचे गोल्फतज्ज्ञ त्याच रात्री भालाफेकीचे तज्ज्ञ झाले, ते मला टोचलं. गंमत बघा, ज्या तेरा जणींनी १९५० मध्ये अमेरिकेत एलपीजीए, म्हणजे बायकांची व्यावसायिक गोल्फ संघटना काढली, त्यातली सगळ्यात गाजलेली बेब झहारियास. तिचं पहिलं नाव झालं ते १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये, भालाफेकीच्या सुवर्णपदकाने! पुढे ती गोल्फकडे वळली, १९५३ मध्ये कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्याच वर्षी तिने यूएस विमेन्स ओपन बारा फटक्यांनी जिंकली. त्या तेराही जणी अफाट होत्या. स्वतःच्या मोटारी हाकत एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, मैदान स्वतः आखायचं, गुण स्वतः मोजायचे, जाहिरात स्वतः करायची, आणि मग खेळायचंही स्वतःच. आपल्याकडच्या हौशी नाट्यसंस्था आठवा. पडदा लावणारी तीच, तिकीट फाडणारी तीच, नायिकाही तीच.

तर अदितीमुळे वेड लागलं आणि मी बघत सुटले. मेजर, म्हणजे बायकांच्या सगळ्यात मानाच्या स्पर्धा पाच: अमेरिकेत तीन, फ्रान्समध्ये एव्हियाँ आणि ब्रिटनमध्ये विमेन्स ओपन. योग असा की लेक स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला, आणि २०२४ ची विमेन्स ओपन सेंट अँड्र्यूजला, तिच्या घरापासून दोन-अडीच तासांवर. जावयाने तिकिटं काढली. ‘आई, तुम्हाला गोल्फ?’ असं त्यांनी तीनदा विचारलं, तेवढं सोडलं तर फार चांगला माणूस.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. लूकर्सला उतरायचं आणि बस धरायची. बसमध्येच मला कळलं की ही क्रिकेटची गर्दी नव्हे. आज्या, नाती, पावसाळी जाकिटं, डब्यात सँडविचेस. माझ्या शेजारची बाई सत्तरीची, दर वर्षी ह्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून उभी राहणारी. खेळाडू फटका मारायला उभी राहिली की दोन्ही हात वर करून लोकांना गप्प करायचं, हे तिचं काम. ‘पैसे किती देतात?’ मी विचारलंच, चोवीस वर्षं बँकेत काढलेली बाई मी. ती हसली. वरून स्वतःच्या सुट्ट्या घालवून येते म्हणाली.

गोल्फ बसून बघायचा खेळ नाही, चालत बघायचा आहे, हे टीव्हीवर कळत नाही. एक खेळाडू निवडायची आणि तिच्या मागे दोरीच्या बाहेरून चालायचं. आळंदीहून पुण्यापर्यंत वारीत चालले होते तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या, तशाच इथेही आल्या. समुद्रावरून असा वारा की ऑगस्टात लोकरीच्या टोप्या. आणि तुमच्या-त्यांच्यात फक्त एक दोरी! दोन पावलांवर ती उभी असते, पिशवी वाहणाऱ्या कॅडीशी वाऱ्याबद्दल काय पुटपुटते तेही ऐकू येतं, फटका चुकला की कपाळावरची आठी दिसते. लोक आपल्या देशाच्या नसलेल्या मुलीच्या चांगल्या फटक्यालाही टाळ्या वाजवतात, आणि वाईट फटक्याला ‘अरेरे’ असा एक सामुदायिक उसासा टाकतात. तो उसासा मला फार आवडला. आपल्याकडे वाईट फटक्याला उसासा नसतो, सल्ला असतो.

त्या रविवारी आम्ही लिडिया कोच्या मागे होतो. जन्म सोलचा, वाढली न्यूझीलंडमध्ये. पंधरा दिवसांपूर्वीच तिने पॅरिस ऑलिंपिकला सुवर्ण घेतलं होतं. रिओचं रौप्य आणि टोकियोचं ब्राँझ आधीच घरात. (हो, तेच ब्राँझ, जे अदितीचं एका फटक्याने गेलं. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही.) अठरावं, म्हणजे शेवटचं होल तिथे थेट गावातच येऊन संपतं, शेजारी घरं-दुकानं. तिने त्या होलवर बर्डी केली. मागून लिलिया वू यायची होती, बरोबरीसाठी तिलाही बर्डी हवी होती. हजारो माणसं आणि चिटपाखरू बोलत नाही. वूची बर्डी झाली नाही, को दोन फटक्यांनी जिंकली, आणि माझ्या पुढे उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी रडायला लागली. तिची आवडती कोण होती कोण जाणे, तिच्या आजीलाही माहीत नव्हतं.

आता जरा जुनं काढते, कारण ह्या गोष्टीने माझी झोप उडवली. एडिंबरोच्या शेजारी मसलबरा नावाचं समुद्राकाठचं गाव आहे. तिथल्या कोळणी पाठीवर मासळीची पाटी घेऊन एडिंबरोला विकायला चालत जायच्या. आणि वेळ मिळाला की गोल्फ खेळायच्या! तिथल्या क्लबाने डिसेंबर १८१० मध्ये ठराव केला की नववर्षाच्या दिवशी ह्या कोळणींची स्पर्धा ठेवायची. बक्षीस काय, तर नवी पाटी आणि शाल, शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सगळ्यात जुनी नोंद मानतात. पाटीवालीला बक्षीस पाटीच, हे वाचून मी आधी हसले आणि मग मला थोडा रागही आला. ससून डॉकला पहाटे टोपल्यांवरून भांडणाऱ्या आपल्या कोळणी डोळ्यांपुढे आल्या. त्यांच्या हातात काठी द्या, काय फटका बसेल!

गोल्फ साहेबांचा, हे माझं मत गेलं ते असं. बायकांचा संबंध होता, तो आधी कष्टाच्या बायकांचा होता, आणि मग साहेबांनी दार लावून घेतलं. त्याच मसलबराच्या मैदानावर १८३६ पासून एडिंबरोचा एक मातब्बर क्लब खेळायचा. १८९१ मध्ये तो जवळच मुअरफिल्डला गेला. त्या क्लबाने बायकांना सभासद करायचं ठरवलं कधी? २०१७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी मतदान घेतलं तेव्हा ठराव चक्क पडला होता. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबानेही २०१४ पर्यंत वाट पाहायला लावली. तिथल्या ओल्ड कोर्स ह्या मैदानावर व्यावसायिक बायकांची स्पर्धा पहिल्यांदा झाली तीच मुळी २००७ मध्ये. २०२२ ला विमेन्स ओपन मुअरफिल्डवर झाली, दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाई बरोबरी फोडायच्या जादा खेळात, प्ले-ऑफच्या चौथ्या खेपेला, पार अंधार पडता पडता जिंकली. लेक त्या दिवशी तिथे होती. मसलबराच्या कोळणींना हे दिसायला हवं होतं, असं मला उगाचच वाटतं.

बायकांच्या गोल्फभोवतीची माणसं मला एवढी भावतात ती ह्यामुळेच. दार बंद असताना ती एकमेकींच्या आधाराने जमलेली आहेत. डायना शोअर ह्या गायिकेने १९७२ मध्ये सुरू केलेली, २०२२ पर्यंत कॅलिफोर्नियात होणारी मेजर घ्या. जिंकणारीने शेवटच्या ग्रीनशेजारच्या तळ्यात उडी मारायची, ही प्रथा १९८८ ला एमी अल्कॉटने पाडली. १९९१ मध्ये तिने डायनाबाईंनाही बरोबर घेऊन उडी मारली. त्याच आठवड्यात देशभरातून समलिंगी बायका तिथे जमू लागल्या, कारण वर्षातून एकदा न लपता वावरता येईल अशी ती जागा होती. खेळ निमित्त, भेट खरी. आपल्या जत्रांचं काय वेगळं असतं?

कोरियाचं तर विचारू नका. १९९८, देश कर्जात बुडालेला, माणसं नोकऱ्या गमावून बसलेली. वीस वर्षांची पाक से-री यूएस विमेन्स ओपनच्या प्ले-ऑफमध्ये. चेंडू तळ्याच्या काठावर गवतात अडकला. तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरली आणि चेंडू बाहेर मारला. उन्हाने काळवंडलेल्या पोटऱ्या आणि मोज्यांच्या आतली पांढरीफटक पावलं! कोरियात ती पावलं घराघरांत दिसली, आणि सरावाचं मोल सगळ्यांना त्यातच दिसलं. ती जिंकली. टीव्हीसमोर बसलेल्या चिमुरड्यांनी काठ्या हातात घेतल्या. त्यातलीच एक इनबी पार्क हिने रिओला सुवर्ण घेतलं, आणि तिथे कोरियन संघाची प्रशिक्षक होती से-रीच.

मग आपल्याकडे ७ ऑगस्टनंतर तसं का नाही झालं? पैसा हे एक कारण आहेच, काठ्यांचा एक संच आणि क्लबाची फी ऐकून सामान्य बाप दारातूनच परत फिरतो. पण तेवढंच नाही. आपण तिला एक सकाळ दिली, बस्स. पदक असेल तर मुलगी देशाची, नाहीतर तिची ती. अदितीने २०१६ मध्ये अठराव्या वर्षी बायकांची इंडियन ओपन जिंकली होती, युरोपच्या बायकांच्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, जिंकणारी ती पहिली भारतीय. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य घेतलं, तर बातम्या शेवटच्या दिवशी घालवलेल्या सात फटक्यांच्या आघाडीच्या. आणि दीक्षा डागर? ऐकू येत नाही, डावखुरी, वडील कॅडी. १८ वर्षांची असताना दक्षिण आफ्रिकेची विमेन्स ओपन जिंकली, डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, सुवर्ण. आमच्या ग्रुपवर नाव टाकलं तर तीन अंगठे आले, त्यातला एक ह्यांचा.

अदितीची सुरुवात कशी झाली माहितीय? पाच वर्षांची असताना आई-वडिलांबरोबर नाश्त्याला गेली होती. हॉटेलातून गोल्फचं मैदान दिसायचं, तिथून लोकांचा जल्लोष ऐकू आला, म्हणून तिघं आत बघायला गेले. खेळ काय आहे हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं. आवाजाने आत नेलं. मी येरवड्याला सिग्नलला उभी असताना आतून कधी आवाज आला नाही, की स्कूटरच्या आवाजात मला ऐकू आला नाही, देव जाणे.

सप्टेंबरात परत यायच्या आधी लेकीला घेऊन पुन्हा सेंट अँड्र्यूजला गेले. तिथे बायकांचा एक पटिंग क्लब आहे, १८६७ चा. खांद्याच्या वर काठी उगारणं बाईमाणसाला शोभत नाही असा तो काळ, तर ह्या बायकांनी नुसत्या पटिंगचाच क्लब काढला. मैदान असं उंचसखल की त्याचं नाव हिमालय. थोडे पौंड भरले की कुणालाही खेळता येतं. मी साडीवर स्वेटर घालून हिमालयात उतरले. पहिल्याच होलला सात फटके, तिसऱ्याला नऊ. आमच्या मागून एक आजीबाई नातवाला घेऊन येत होत्या, त्या थांबून थांबून शेवटी म्हणाल्या, ‘सावकाश, घाई नाही.’ तरी मी त्यांना पुढे जाऊ दिलं. त्यांनी एका फटक्यात चेंडू आत घातला, माझ्याकडे बघितलंही नाही, काठी काखेत मारून निघून गेल्या. लेकीने मला एकवीस फटक्यांनी हरवलं. गुण लिहायला दिलेली इवलीशी पेन्सिल पर्समध्ये तशीच राहिली. सध्या तिने वाण्याची यादी करते.