माचू पिचूचं अर्ध्याहून जास्त काम जमिनीखाली आहे, त्यावर कोणीच बोलत नाही

फॅमिली ग्रुपवर परत तो व्हिडिओ आलाय. माचू पिचू म्हणे एलियन्सनी बांधलं, कारण एवढे दगड इतके फिट्ट बसवणं माणसाचं कामच नाही. मी साइटवर राबणारा माणूस आहे, असलं काही बघितलं की डोकं फिरतं राव.

जागा बघा आधी. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात साधारण २४०० मीटर उंचीवर दोन शिखरांच्या मधली खिंड, खाली उरुबांबा नदीचं वळण, वर्षाला जवळजवळ २००० मिलीमीटर पाऊस, वरून भूकंपाचा पट्टा. आज कोणी असा प्लॉट दाखवला तर आम्ही लांबूनच नमस्कार करू. इंका लोकांनी, म्हणजे स्पॅनिश यायच्या आधी तिथे राज्य करणाऱ्यांनी, १५व्या शतकात, पाचाकुती राजाच्या काळात, तिथे अख्खं शहर उभं केलं. लोखंडी हत्यारं नाहीत, गाडी नाही, ग्रॅनाइट फोडायचा तो त्याहून कठीण दगडाने ठोकून ठोकून. खाण शहराच्या आतच होती, अर्धवट फोडलेले दगड अजून तिथे पडलेत. एलियन काय काम अर्धं टाकून गेले का?

फोटो सगळे भिंतींचेच काढतात, पण खरी कमाल खाली आहे. केनेथ राइट नावाच्या अमेरिकन वॉटर इंजिनिअरने तिथे बरीच वर्षं अभ्यास केला, त्याचा अंदाज असा की साधारण ६० टक्के काम जमिनीखाली आहे, म्हणजे पाया आणि पाण्याचा निचरा. डोंगरउतारावरच्या शेताच्या पायऱ्या घ्या, तळाला मोठे दगड, त्यावर बारीक खडी-वाळू, मग वर माती. आपण पायाखाली दगडांचा थर पसरून सोलिंग करतो ना, तोच विचार. मधल्या चौकाखाली तर दगड घडवताना निघालेल्या कपच्यांचा जाड थर आहे, डेब्री फेकलीच नाही, तीच निचऱ्याला वापरली! भिंतींमधून पाणी बाहेर काढायला शंभरावर भोकं. प्यायचं पाणी वरच्या झऱ्यापासून ७४९ मीटरच्या दगडी पाटाने आणलं, तिथून एकाखाली एक १६ कुंडं, आणि धार अशी पाडलीय की घडा बरोबर खाली बसतो. पहिलं कुंड अर्थात राजाच्या घराजवळ, ते कुठेही बदलत नाही 😄

हे सगळं केलं कोणी? वर्षातले काही दिवस राज्यासाठी राबायचं, अशी मिता नावाची पद्धत होती, कर पैशात नाही तर श्रमात. आणि तिथे कायम राहून राजघराण्याची सेवा करणारे लोक वेगळेच. २०२३ मध्ये तिथे पुरलेल्या ३४ जणांच्या डीएनएचा अभ्यास आला, माणसं साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातली निघाली, काही पार ॲमेझॉनकडची, आणि जवळचं नातं सापडलं ते फक्त एका मायलेकीचं. म्हणजे घरदार सोडून आणलेली माणसं ही, त्यांचं श्रेय एकीकडे राजाला आणि दुसरीकडे उडत्या तबकडीला, हे मला खरंच खटकतं.

बाहेरच्या माणसाला ‘हरवलेलं शहर सापडलं’ असं सांगतात, हे तर अजून भारी. १९११ मध्ये हायरम बिंगहॅम हा अमेरिकन संशोधक, ज्याला या शोधाचं श्रेय देतात, तो पोचला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती, त्यांनी याला गार पाणी आणि उकडलेली रताळी दिली, त्यांच्यातल्याच एका पोराने जागा फिरवून दाखवली. त्याआधी १९०२ ला अगुस्तिन लिसारागा हा त्याच भागातला माणूस भिंतीवर कोळशाने नाव लिहून गेलेला. शोध कसला डोंबलाचा! आणि ती कुटुंबं पीक कुठे घेत होती माहितेय? इंकांच्या त्याच पायऱ्यांवर, तीन-साडेतीनशे वर्षं कोणी धड मेंटेनन्स केला नव्हता तरी.