स्क्रीन चित्राच्या आड येते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कलासंग्रहालयांतल्या इंटरॅक्टिव्ह साधनांवरचा माझा लेख तुम्ही इतक्या बारकाईने वाचलात, याचा आनंद आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: स्क्रीन आली की नजर चित्रावरून उडते, ही साधनं मुलांना रमवायला ठीक, जाणत्या प्रेक्षकाला त्यांची गरज नाही, आणि त्यांवरचा पैसा प्रकाशयोजनेवर आणि चित्रांच्या जतनावर खर्च व्हायला हवा. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी सविस्तर लिहिते.

शांत दालनात माणूस चित्रासमोर थांबतो, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला नेमकं तेच पटत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एकेका चित्राकडे किती वेळ पाहतात, हे मोजणारा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सरासरी भरली सुमारे २७ सेकंद आणि मध्यक १७ सेकंद, म्हणजे निम्म्या वेळा लोक याहूनही कमी थांबले. निवडलेली चित्रं नावाजलेली होती. आणि तेव्हा प्रेक्षकांच्या खिशात स्मार्टफोन नव्हते. म्हणजे घाईने पुढे सरकणं स्क्रीनने शिकवलेलं नाही. नेमकं काय पाहायचं, कुठून सुरुवात करायची, हे उमगत नाही म्हणून बरेच जण पाय काढतात, असं मला वाटतं. त्यांना तसंच सोडून द्यायला माझं मन घेत नाही.

तरीही तुमची भीती निराधार नाही. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले, त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना कमी आठवल्या. हे तुमच्या बाजूचं. पण त्याच संशोधनाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं, तेव्हा ही घट दिसली नाही; झूमच्या चौकटीबाहेर राहिलेले तपशीलही लक्षात राहिले. कॅमेरा दोन्ही वेळा हातात होताच. फरक पडला तो त्या कॅमेऱ्याने माणसाला काय करायला लावलं यामुळे. मी प्रत्येक साधनाला हाच प्रश्न विचारते: ते नजरेला कामाला लावतं, की तिच्या वतीने काम उरकून टाकतं?

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयाचं उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. २०१२च्या अखेरीस तिथे ‘गॅलरी वन’ तयार झाली: मूळ कलाकृतींच्या सोबतीला मोठमोठ्या टचस्क्रीन. त्यातला एक खेळ असा, की समोर दिसणाऱ्या शिल्पाची मुद्रा आपल्या शरीराने धरायची आणि ती कितपत जुळली हे यंत्र सांगतं. ऐकायला हे पोरकट वाटेल. पण वजन कोणत्या पायावर आहे, खांदा किती कललाय, मान कुठे वळलीय, हे नीट पाहिल्याशिवाय ती मुद्रा धरताच येत नाही. पुढे २०१७ मध्ये संग्रहालयाने हे दालन नव्याने उभारलं आणि टचस्क्रीनऐवजी हातवारे व हालचाली ओळखणारी प्रोजेक्शन्स आणली. काचेवर बोट फिरवताना मान खाली जाते. हवेत हात हलवताना ती वर राहते. साधन कुठे बसवलंय आणि ते शरीराला कसं उभं करतं, याचा इतका विचार फार कमी ठिकाणी होतो. जिथे तो होत नाही, तिथल्या स्क्रीनबद्दल तुमचा राग रास्तच आहे.

मला सर्वांत भावलेला प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २०१५ मध्ये एक ॲप आणलं. कलाकृतीसमोर उभं राहून प्रश्न टाइप करायचा, आणि उत्तर देणार संग्रहालयातली जाणकार माणसं, तिथल्या तिथे. ठरलेली माहिती ऐकवणाऱ्या ऑडिओ गाईडपेक्षा हे फार वेगळं. प्रश्न विचारायचा तर आधी काहीतरी खटकावं लागतं, आणि खटकायला पाहावं लागतं.

मुलांपुरतं, या मुद्द्यावर एवढंच म्हणते: माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये काही चित्रांच्या उठावदार प्रतिकृती मांडल्या, अंध आणि क्षीणदृष्टी प्रेक्षकांनी हाताने चाचपून पाहाव्यात म्हणून. त्यात स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं ‘व्हल्कनच्या भट्टीतला अपोलो’ही होतं. तिथे बोटं फिरवणाऱ्या माणसाला तुम्ही अजाण म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

राहता राहिला पैसा. प्रकाशयोजना आणि जतन आधी, यात माझं दुमत नाही. अंधुक दिव्याखालच्या चित्राशेजारी चकचकीत स्क्रीन लावणं मला मान्य नाही, आणि बंद पडलेली स्क्रीन वर्षानुवर्षं भिंतीवर ठेवणं तर त्याहून नाही. यंत्र घेतानाच त्याच्या देखभालीची तरतूद नसेल, तर ते घेऊच नये. मूळ कलाकृती एकही नाही आणि चारही भिंतींवर तिची हलती छायाचित्रं, असे जे खेळ चालतात, त्यांचीही मी बाजू घेत नाही. मूळ चित्रापाशी परत न्यायला तिथे ते चित्रच नसतं. आणि संग्रहालयाकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर मी स्क्रीनऐवजी दालनात उभं राहून प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस नेमायला सांगेन. ॲप त्यानंतर, तो माणूस एका वेळी जिथे पोहोचू शकत नाही त्या दालनांसाठी.