तीन समुद्रांचं पाणी

मराठीत चाळिशी हे वयाचंही नाव आणि चष्म्याचंही. वयाची मला 7 वर्षांपूर्वीच लागली. चष्म्याची मात्र पेपर लांब धरधरून टाळत होतो. शेवटी हात पुरेनात, तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो.

"काका, प्रोग्रेसिव्ह घ्या," दुकानदार म्हणाला. "वरून लांबचं, मधून कॉम्प्युटर, खालून वाचायचं. फक्त बाजूला बघताना डोळे नाही, मान वळवायची. पंधरा दिवसांत सवय होते."

एवढी प्रगती आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नाकावर येऊन बसली.

त्याच आठवड्यात जेवताना मुलीनं विचारलं, "बाबा, तुमचं आयुष्यातलं ध्येय काय?" मी तेव्हा काचेच्या खालच्या भागातून भरल्या वांग्याचं देठ शोधत होतो. सातपूरच्या कारखान्यात मी 23 वर्षं स्टोअर सांभाळतो. तिथं नटाला, बोल्टाला, वॉशरला, सगळ्याला कोड नंबर आहे. ध्येय कुठल्या रॅकवर ठेवलंय ते आठवेना. बायको म्हणाली, "आधी गच्चीवरची टाकी धुवा, मग शोधा."

आम्ही नाशिककर वय सिंहस्थात मोजतो. 2003 च्या सिंहस्थात माझी नोकरी नवी होती, 2015 च्या वेळी मुलगी बालवाडीत. आता पुढचा तोंडावर आलाय. गुरू साधारण 12 वर्षांत सगळ्या राशी फिरून पुन्हा सिंहेत येतो, मी तेवढ्यात इंदिरानगर ते सातपूर आणि परत. पण गुरूला कुणी विचारत नाही, एवढं फिरून काय मिळवलंस म्हणून.

तरी प्रश्न डोक्यात राहिलाच. रविवारी पहाटे पांडवलेणी चढलो. (ध्येय शोधायला लोक डोंगरावरच का जातात, ते तिसऱ्या थांब्यावर कळलं: धाप लागली की विचार बंद पडतात.) तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी हे लेणं तिनं भिक्षूंना दान दिलं. म्हणजे बाई आजी झाल्यावर कामाला लागली! मला जरा धीर आला. पण लेखात तिनं मुलाचं कौतुक केलंय ते आठवलं आणि तो धीर गेला. त्याच्या घोड्यांनी म्हणे तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं.

आमच्या आईनं लेख कोरायला घेतला तर? "लाइट बिल वेळेवर भरतो. कारल्याची भाजी खात नाही." वाहनानं पाणी प्यायल्याचा एक दाखला मात्र आहे. गोदेला पूर किती, ते आम्ही दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून सांगतो. एकदा पाणी त्याच्या गुडघ्याला असताना मी "काही होत नाही" म्हणून नदीकाठी गाडी उभी केली आणि भेळ खायला गेलो. येईपर्यंत ॲक्टिव्हा पोटभर प्यायली होती. मेकॅनिकनं बिल दिलं 4,200 रुपये. ते काही आई कोरणार नाही.

उतरताना खरा घोळ झाला. पायरी बघायला खाली पाहावं तर डोळे नेमके वाचायच्या काचेत. दगडी पायऱ्या एकदम जवळ आल्या आणि पातळ झाल्या, कढीसारख्या. हनुवटी छातीला टेकवली की पायरी दिसे, पण मग पुढचा माणूस दिसेना. चष्मा खिशात घातला तर दोन्ही दिसेनात. शेवटी कठडा धरून आडवा, खेकड्यासारखा उतरू लागलो. दोन शाळकरी पोरं धडाधड पायऱ्या उडवत बाजूनं गेली.

मागून नऊवारीतल्या एक आजी आल्या. पंचाहत्तरीच्या असतील, पायात स्लीपर. त्यांनी सरळ माझं मनगट धरलं.

"ये बाळा, हळू. डोळ्याचं ऑपरेशन झालंय का?"

"नाही आजी, प्रोग्रेसिव्ह आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या, "होईल हळूहळू बरं."